आधी पाणी काढले, मग सीटी केला: फुप्फुसावरणाच्या मेसोथेलिओमाचे (आवरणाच्या कर्करोगाचे) एक प्रकरण

## पार्श्वभूमी

रुग्ण 68 वर्षांचे गृहस्थ. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तीन आठवडे जिना चढताना धाप लागत होती, उजव्या कुशीत बोथट दुखत होते आणि दोन महिन्यांत वजन 4 किलोने उतरले होते. ताप नव्हता. छातीच्या एक्स-रेत उजवीकडे निम्म्या छातीपर्यंत पाणी दिसले. त्याच दिवशी सोनोग्राफीने जागा पाहून सुईने 1.5 लिटर पाणी काढले. धाप बरीच कमी झाली, पण ऑक्सिजन पूर्ण सुधारला नाही. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी नाही ना, हे पाहण्यासाठी दुसऱ्या दिवशी सीटी पल्मनरी अँजिओग्राफी झाली.

सीटीचा अहवाल चार ओळींचा होता. गुठळी नाही. उजवीकडे थोडे पाणी आणि थोडी हवा. उजव्या फुप्फुसाचा तळ आकसलेला. डाव्या श्वासपटलावर कॅल्शियम साचलेला चट्टा. पाण्याच्या तपासणीत प्रथिने जास्त होती, म्हणजे पाणी एक्झुडेट प्रकारचे (आवरणाच्या आजारामुळे झिरपलेले) होते. पेशींपैकी 80 टक्के लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), एडीए (क्षयाच्या संशयात मोजले जाणारे विकर) 44 युनिट प्रति लिटर आणि सायटोलॉजीचा (पेशी-तपासणीचा) शेरा 'रिॲक्टिव्ह मेसोथेलिअल पेशी, कर्कपेशी नाहीत' असा, म्हणजे आवरणाच्याच चिडलेल्या पेशी, असा होता.

रुग्ण घरी गेले. पाच आठवड्यांनी पाणी पुन्हा तेवढेच भरले.

या वेळी बाह्यरुग्ण विभागात कामाचा इतिहास नीट विचारला गेला. वयाच्या 19 ते 31 या काळात त्यांनी बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांवर उष्णतारोधक लेप चढवायचे आणि जुने लेप खरवडायचे काम केले होते. लेप ॲस्बेस्टॉसचा होता. पहिल्या भरतीच्या कागदावर व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द होता: 'निवृत्त'. ॲस्बेस्टॉसचा धागा श्वासात गेल्यापासून मेसोथेलिओमा दिसेपर्यंत साधारणपणे 20 ते 50 वर्षे जातात. त्यामुळे या आजारात माणूस आज काय करतो याला फारसा अर्थ नाही, विशी-तिशीत काय करत होता ते विचारावे लागते.

## अडचण

पहिल्या फेरीतल्या चित्रांमध्ये संशयाला पुरेशी जागा होती. ती पुन्हा पाहिल्यावर चार गोष्टी समोर आल्या.

पहिली गोष्ट एक्स-रेमधली. निम्मी छाती पाण्याने भरली की श्वासनलिका आणि हृदय विरुद्ध बाजूला ढकलले जायला हवे. इथे श्वासनलिका मधोमध होती. याचा अर्थ आतले फुप्फुस तरी आकसलेले आहे किंवा आवरण कडक होऊन त्याने मध्यछाती जखडली आहे. श्वासनलिकेतल्या अडथळ्यामुळेही असे होते, म्हणून ही खूण मेसोथेलिओमाची म्हणता येत नाही. पण 'साधे पाणी' या निदानाला ती छेद देते, एवढे नक्की.

दुसरी गोष्ट सीटीच्या वेळेची. पल्मनरी अँजिओग्राफीत कॉन्ट्रास्ट (चित्रात उजळणारे औषध) टोचल्यावर साधारण 15 ते 20 सेकंदांत चित्र घेतात, कारण त्या क्षणी औषध फुप्फुसाच्या धमन्यांत असते. आवरणातल्या जाड भागात ते मुरून उजळायला मिनिटभर लागते. आवरण पाहायचे असेल तर 60 ते 90 सेकंदांच्या दरम्यान चित्र घ्यावे लागते. लवकर घेतलेल्या चित्रात जाड आवरण, पाणी आणि बरगड्यांमधले स्नायू जवळपास एकाच करड्या छटेत दिसतात. अहवाल लिहिणाऱ्याचा दोष म्हणावा तर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने बरोबरच दिले होते.

तिसरी गोष्ट हवेची, आणि सगळ्यात महाग पडली ती हीच. पाणी आणि हवा एकत्र दिसताच सुईने फुप्फुसाला इजा झाली असावी असे धरले गेले. वास्तविक पाणी काढताना खोकला किंवा तीव्र वेदना झाली नव्हती, आणि हवेचे प्रमाण दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेतही तेवढेच होते. पाणी निघाले तरी फुप्फुस फुगून ती जागा भरू शकले नाही, म्हणून पोकळीत हवा आली, हा अर्थ इथे जास्त जुळतो. फुप्फुसावर साल चढल्यासारखे आवरण बसले की असे होते. पुढे टाल्क (आवरणाचे दोन पदर चिकटवणारी पूड) टाकायचे की पाणी सोडायला नळी ठेवायची, याचे उत्तर याच खुणेत होते.

चौथी गोष्ट डाव्या श्वासपटलावरचा चट्टा. असा प्लूरल प्लाक स्वतः कर्करोग नाही, तो कर्करोगात बदलतही नाही. तो फक्त सांगतो की या माणसाच्या श्वासात कधीतरी ॲस्बेस्टॉस गेले होते. अहवालात तो नोंदवला होता, पण 'कुठून आला?' हा पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. उलट बाजूही लक्षात ठेवावी. मेसोथेलिओमाच्या अनेक रुग्णांच्या सीटीत प्लाक मुळीच नसतात, त्यामुळे ते दिसले नाहीत म्हणून संशय सोडता येत नाही.

आता पाण्याच्या अहवालाची फसवणूक. लिम्फोसाइट जास्त आणि एडीए 40 च्या वर, हे चित्र क्षयाच्या पाण्याशी जुळते. पण लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग), पू झालेले पाणी आणि काही वेळा मेसोथेलिओमा यांतही एडीए वाढलेले मिळते. 44 हा आकडा तर उंबरठ्यावरचा. आणि 'कर्कपेशी नाहीत' या शेऱ्याला मेसोथेलिओमाबाबत फार वजन देता येत नाही. या गाठीच्या पेशी सुटून पाण्यात कमी येतात, आल्या तरी चिडलेल्या सामान्य मेसोथेलिअल पेशींसारख्या दिसतात. आवरणाच्या खालच्या चरबीत पेशी घुसल्या आहेत का, हा निर्णायक प्रश्न तर पाण्याच्या थेंबातून सुटतच नाही. त्याला तुकडाच लागतो.

## पर्याय

पाच आठवड्यांनी टेबलावर चार मार्ग होते.

पुन्हा पाणी काढून सायटोलॉजी करणे. सोपे, त्याच दिवशी होणारे. पण पहिल्या नमुन्यात जे मिळाले नाही ते दुसऱ्यात मिळण्याची शक्यता थोडीच वाढते, आणि पाणी काढून टाकले की चित्रासाठी लागणारी परिस्थितीही बिघडते.

क्षयाची औषधे सुरू करून वाट पाहणे. एडीएच्या आकड्यामुळे हा मार्ग गांभीर्याने चर्चेत आला. त्याविरुद्ध दोन गोष्टी होत्या: ताप नाही आणि ॲस्बेस्टॉसचा 12 वर्षांचा संपर्क. औषधांनी फरक पडतो का हे कळायला सहा-आठ आठवडे लागतात. शिवाय क्षयाचे पाणी कित्येकदा आपोआपही ओसरते, त्यामुळे थोडा उतार दिसला तरी निदान सिद्ध होत नाही.

आंधळी सुई-बायोप्सी, म्हणजे चित्राच्या आधाराशिवाय एब्राम्स सुईने आवरणाचा तुकडा घेणे. 2003 साली 50 रुग्णांवर झालेल्या तुलनेत या पद्धतीने 47 टक्के घातक आजार सापडले, तर सीटीच्या मार्गदर्शनाखाली घेतलेल्या सुईने 87 टक्के. हा पर्याय लगेच बाद झाला.

चौथा मार्ग म्हणजे पाणी असतानाच योग्य वेळेचा सीटी करून, जागा ठरवून तुकडा घेणे. तुकडा सीटीखाली सुईने घ्यायचा की थोरॅकोस्कोपीने (छातीत दुर्बीण घालून), हे चित्र पाहून ठरवायचे.

चौथा निवडला गेला. एक अडचण होती. रुग्णाला धाप लागत होती, आणि सीटीसाठी दोन दिवस थांबायचे होते. सगळे पाणी काढले असते तर आवरणाचे दोन पदर आणि आकसलेले फुप्फुस एकमेकांना चिकटून पुन्हा तोच गोंधळ झाला असता. त्यामुळे फक्त 600 मिली काढून थांबले. 'आधी सीटी, मग पाणी' हा नियम अशा ठिकाणी शब्दशः पाळायचा नसतो. आराम पडेल एवढे काढावे, चित्रासाठी पुरेल एवढे आत ठेवावे.

## काय केले

सोनोग्राफी. पहिल्या वेळी ती फक्त सुई टोचायची जागा शोधायला वापरली होती. आता तिनेच आवरण पाहिले. आधी 3 ते 5 मेगाहर्ट्झच्या वक्र प्रोबने (यंत्राचा त्वचेवर फिरवायचा भाग) पाणी, श्वासपटल आणि यकृत यांचा नकाशा घेतला, मग 7 ते 12 मेगाहर्ट्झच्या सरळ प्रोबने बरगड्यांच्या फटींतून आवरण जवळून. पाणी असताना सोनोग्राफीला हा फायदा मिळतो: ध्वनी पाण्यातून विनाअडथळा जातो आणि श्वासपटलावरच्या बारीक गाठीही उठून दिसतात. आवरण 10 मिमीपेक्षा जाड, श्वासपटल 7 मिमीपेक्षा जाड, किंवा त्यावर गाठी यांपैकी काहीही दिसले तर घातक आजाराचा संशय बळावतो. इथे श्वासपटल 8 मिमी जाड होते आणि मागच्या उतारावर दोन गाठी होत्या. दहा मिनिटांचे काम. पहिल्या दिवशी प्रोब हातात असताना ते राहून गेले होते.

सीटी. मागणीपत्रात 'प्लूरल फेज' (आवरण उजळते ती वेळ) असे स्पष्ट लिहिले. कॉन्ट्रास्ट टोचल्यापासून 65 सेकंदांनी, पूर्ण श्वास आत धरून, हात डोक्यावर, गळ्याच्या मुळापासून मूत्रपिंडांच्या खालपर्यंत. खालची हद्द महत्त्वाची, कारण मागचा कॉस्टोफ्रेनिक खळगा (बरगड्या आणि श्वासपटल यांच्यामधला) बराच खाली उतरतो आणि नेहमीच्या छातीच्या सीटीत तो कापला जाऊ शकतो. मेसोथेलिओमाला हीच जागा आवडते. चित्रे 1 मिमी जाडीची, सोबत समोरून आणि बाजूने पुनर्रचना. मूत्रपिंडांचे काम मोजणारा ईजीएफआर 52 होता, कॉन्ट्रास्ट देण्यास अडचण नव्हती.

अहवाल आता वेगळाच आला. उजव्या आवरणाची गाठाळ जाडी, मागे खाली सर्वाधिक 12 मिमी. मध्यछातीकडचे आवरणही 5 मिमी जाड. उजवी छाती डावीपेक्षा लहान. खंडांमधल्या फटीत 3 मिमी जाडी. कॅरिनाखाली (श्वासनलिका दुभंगते त्या जागेखाली) 9 मिमीची लसिका ग्रंथी. डावीकडे प्लाक, पण आवरण ठीक.

या खुणांचे वजन 1990 साली 74 रुग्णांच्या अभ्यासात मोजले गेले होते. आवरण सगळीकडून वेढल्यासारखे जाड असणे, गाठाळ असणे, 1 सेंमीपेक्षा जाड असणे आणि मध्यछातीकडचे आवरण बाधित असणे या चार खुणांची विशिष्टता (घातक आजार नसताना खूणही नसण्याचे प्रमाण) अनुक्रमे 100, 94, 94 आणि 88 टक्के आली होती. संवेदनशीलता (आजार असताना खूण दिसण्याचे प्रमाण) मात्र 41, 51, 36 आणि 56 टक्के. सरळ सांगायचे तर खूण दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवावा, दिसली नाही तर तेवढ्याने कुणाला मोकळे सोडू नये. शिवाय या खुणा 'घातक' एवढेच सांगतात. फुप्फुसाचा किंवा इतर अवयवाचा कर्करोग आवरणावर पसरला तरी चित्र असेच दिसते.

पेट-सीटी (पेशी साखर किती शोषतात ते दाखवणारे चित्र) आणि टाल्क. इथे दुसरा मोठा निर्णय होता. थोरॅकोस्कोपी करताना तुकडे घ्यायचे आणि त्याच वेळी टाल्क फवारून पोकळी बंद करायची, असा पहिला बेत होता. एकाच भूल-सत्रात दोन्ही कामे होत असल्याने तो बेत मोह पाडणाराच. पण टाल्कमुळे आवरणात जी दाहक प्रतिक्रिया होते ती एफडीजी (पेटसाठी टोचलेली किरणोत्सारी साखर) जोरात शोषते, आणि ती काही आठवड्यांत विझत नाही, वर्षानुवर्षे पेटमध्ये चमकत राहते. टाल्कनंतर केलेला पेट आजार मोजायला जवळपास निरुपयोगी ठरतो. पेटची तारीख नऊ दिवसांनंतरची मिळत होती. तेवढे थांबायचे ठरले. मधे पुन्हा 500 मिली काढावे लागले.

पेटच्या दिवशी सहा तासांचा उपास, रक्तशर्करा 118 मिलिग्रॅम, इंजेक्शननंतर 60 मिनिटांची विश्रांती. शर्करा 200 च्या वर असती तर तारीख पुढे ढकलावी लागली असती. उजव्या आवरणावर सलग पट्टा उजळला. सगळ्यात तेज जागा सोनोग्राफीत गाठी दिसलेल्या भागाशेजारी, मणक्यालगत होती. कॅरिनाखालच्या ग्रंथीत किंचित शोषण होते. विरुद्ध छाती, पोट आणि हाडे स्वच्छ.

पेट तेज दिसला म्हणजे निदान झाले, असे मात्र नाही. क्षय आणि पू झालेले आवरणही असेच पेटते. उलट मंद वाढणाऱ्या, पातळ एपिथेलिऑइड (पेशींच्या रूपावरून ठरणारा एक प्रकार) मेसोथेलिओमात पेट फिकाही पडू शकतो. या रुग्णात पेटचा खरा उपयोग तुकडा कुठून घ्यायचा आणि आजार छातीबाहेर आहे का, या दोन प्रश्नांपुरता होता.

एमआरआयही सुचवला गेला. श्वासपटल आणि छातीच्या भिंतीत गाठ घुसली आहे का, हे सीटीपेक्षा एमआरआयत जास्त स्पष्ट दिसते. पण ते उत्तर कामाला येते ते शस्त्रक्रिया ठरवताना. तज्ज्ञांच्या बैठकीत शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेचा पर्याय आधीच मागे ठेवला होता. 2024 साली जाहीर झालेल्या मार्स-2 चाचणीत विस्तारित शस्त्रक्रियेच्या गटाचे मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण याहून जास्त जगले असा काळ) 19.3 महिने आणि फक्त केमोथेरपीच्या गटाचे 24.8 महिने आले होते. ज्या चित्राने उपचार बदलणार नाही ते काढायचे कशाला? एमआरआयची तारीख रद्द केली, आणि ते योग्यच झाले.

थोरॅकोस्कोपी. सोनोग्राफीने पाण्याची मोकळी जागा खुणावून आत शिरले. भिंतीवरून आणि मणक्यालगतच्या जाड भागातून मिळून 10 तुकडे घेतले, त्यातले तीन मुद्दाम चरबीपर्यंत खोल. पाणी काढल्यावर फुप्फुसाचा खालचा खंड फुगला नाही. पहिल्या सीटीतली ती 'थोडी हवा' खरे बोलत होती. आवरणाचे दोन पदर एकमेकांना टेकणारच नसतील तर टाल्कने ते चिकटणार कसे? टाल्क टाकले नाही, कायमची पातळ नळी बसवली. ती घरी, गरजेनुसार एक दिवसाआड उघडून पाणी सोडता येते.

पॅथॉलॉजीचा अहवाल: एपिथेलिऑइड मेसोथेलिओमा. कॅलरेटिनिन आणि डब्ल्यूटी-1 पॉझिटिव्ह, क्लॉडिन-4 आणि टीटीएफ-1 निगेटिव्ह, केंद्रकात बीएपी-1 गायब. या खुणा मेसोथेलिओमाच्या बाजूच्या, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या विरुद्ध. चरबीत घुसखोरी आहे.

## टप्पा ठरवताना

टप्पा ठरवण्याच्या टीएनएम पद्धतीच्या नवव्या आवृत्तीत टी (मूळ गाठीची व्याप्ती) ठरवण्याची रीत बदलली आहे. पूर्वी गाठ कोणत्या थरात शिरली यावर भर होता. आता सीटीवर वरचा, मधला आणि खालचा अशा तीन पातळ्यांवर आवरणाची सर्वाधिक जाडी मोजून बेरीज करतात. बेरीज 12 मिमीपर्यंत आणि फटीतली जाडी 5 मिमीपर्यंत असेल, आणि इतर घुसखोरी नसेल, तर टी-1. 12 ते 30 मिमी म्हणजे टी-2. 30 च्या वर टी-3. टी-4 ची घुसखोरी मात्र बेरजेवर अवलंबून नाही.

या रुग्णाची बेरीज 8, 9 आणि 12 मिळून 29 मिमी, म्हणून टी-2. दुसऱ्या रेडिओलॉजिस्टने स्वतंत्रपणे मोजली तेव्हा 31 आली. माऊसच्या दोन मिलिमीटरने टप्पा बदलतो! फरक खालच्या पातळीवर होता. एकाची रेघ भिंतीला काटकोनात होती, दुसऱ्याची जरा तिरपी. दोघांनी एकत्र बसून काटकोनातली रेघ कायम केली. कॅरिनाखालच्या ग्रंथीचा नमुना घेतला नाही, कारण उपचार दोन्ही बाजूंनी तोच राहणार होता. कागदावर 'संशयास्पद, सिद्ध नाही' असे लिहिले.

## उपचार आणि मोजमापाचा पेच

ईजीएफआर 52 असल्याने सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध जड गेले असते. म्हणून प्रतिकारशक्तीला चालना देणारी दोन औषधे निवडली. नायव्होलुमॅब 360 मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी आणि इपिलिमुमॅब किलोमागे 1 मिलिग्रॅम दर सहा आठवड्यांनी, असे ठरले. चेकमेट-743 चाचणीत या जोडीचे मध्यम आयुर्मान 18.1 महिने आणि केमोथेरपीचे 14.1 महिने होते. एपिथेलिऑइड प्रकारात हा फरक कमी असतो, हेही रुग्णाला आणि मुलीला सांगितले गेले.

उपचारांआधी नवा सीटी घेतला. निदानाचा सीटी पाणी असतानाचा, आणि आता नळीने पाणी ओसरलेले. दोन वेगळ्या अवस्थांची तुलना केली असती तर जाडीतला बदल आजाराचा की पाण्याचा, हे कळले नसते. मेसोथेलिओमा चेंडूसारखा वाढत नाही, सालीसारखा पसरतो. म्हणून सुधारित रेसिस्ट या प्रतिसाद मोजण्याच्या पद्धतीत तीन पातळ्यांवर प्रत्येकी दोन ठिकाणी, भिंतीला किंवा मध्यछातीला काटकोनात जाडी मोजतात. पातळ्यांमध्ये निदान 1 सेंमी अंतर हवे आणि जागा निदान 7 मिमी जाड हवी. बेरीज 30 टक्के घटली तर प्रतिसाद, 20 टक्के वाढली तर वाढ. सुरुवातीची सहा मापे 8, 7, 10, 9, 12 आणि 11, बेरीज 57 मिमी.

नऊ आठवड्यांनंतरच्या अहवालात बेरीज 70 मिमी आली, म्हणजे जवळपास 23 टक्के वाढ. शेऱ्यात 'आजार वाढला' असे लिहिले होते. औषध बदलायचे का, हा तिसरा निर्णय. रुग्णाची धाप आणि वेदना मात्र आधीपेक्षा कमी होत्या, भूक परतली होती. चित्र आणि माणूस वेगवेगळे सांगत असतील तर घाई करू नये, या विचाराने दोन्ही सीटी शेजारी लावून पुन्हा मोजायचे ठरले.

तीन चुका सापडल्या. नवे चित्र 35 सेकंदांवर घेतले होते, त्यामुळे आवरण आणि बरगड्यांमधला स्नायू यांची सीमा पुसट झाली आणि स्नायूची पट्टीही मोजली गेली. पातळ्या चित्राच्या क्रमांकावरून जुळवल्या होत्या. या वेळी श्वास कमी धरला गेल्याने तोच क्रमांक जवळजवळ 2 सेंमी खालच्या भागावर पडत होता. आणि खालच्या पातळीवर न फुगलेल्या खंडाची एक घडी आवरणाचा भाग समजून आत घेतली होती.

आठवड्याभरात 65 सेकंदांचा सीटी पुन्हा केला. पातळ्या शरीराच्या खुणांवरून जुळवल्या: महाधमनीच्या कमानीची खालची कड, डाव्या कर्णिकेचा वरचा काठ, आणि तिथून खाली ठरावीक कशेरुका. बेरीज 59 मिमी निघाली, म्हणजे साडेतीन टक्के वाढ. आजार स्थिर. औषध चालू राहिले.

## निष्पत्ती

अठराव्या आठवड्यात बेरीज 52 मिमी झाली. नियमाप्रमाणे हेही 'स्थिर'च. नळीतून येणारे पाणी दिवसाआड 300 मिलीवरून आठवड्यातून एकदा 100 मिलीवर आले.

सातव्या महिन्यात नळीच्या मार्गालगत त्वचेखाली दुखरी गाठ लागली. सोनोग्राफीत ती 14 मिमीची, आतून रक्तप्रवाह असलेली दिसली. सोनोग्राफीखालीच सुईने तुकडा घेतला, मेसोथेलिओमाच निघाला. सुई किंवा नळीच्या मार्गाने पेशी पसरणे या आजारात नवे नाही. अशा मार्गावर सरसकट आधीच किरणोपचार द्यावेत का, हे दोन चाचण्यांत तपासले गेले आणि लाभ दिसला नाही, म्हणून इथेही आधी दिले नव्हते. आता दुखऱ्या गाठीवर 20 ग्रे (किरणमात्रेचे एकक), पाच भागांत दिले. कागदोपत्री नवी गाठ म्हणजे आजाराची वाढ. पण आतले आवरण स्थिर होते, म्हणून औषध थांबवले नाही. या निर्णयावर बैठकीत एकमत नव्हते, आणि दोन्ही बाजूंना आधार होता. अकराव्या महिन्याच्या सीटीत बेरीज 55 मिमी होती आणि रुग्ण एक मजला न थांबता चढत होते.

## वेगळे काय करता आले असते

पहिल्या दिवसापासून निदानापर्यंत साडेआठ आठवडे गेले. त्यातले पाच आठवडे पहिल्या सीटीच्या वेळेमुळे आणि न विचारलेल्या एका प्रश्नामुळे. गुठळीची शंका रास्तच होती, ती तपासणी टाळायला नको होती. पण गुठळीच्या चित्रांनंतर त्याच कॉन्ट्रास्टवर 65 सेकंदांनी दुसरी फेरी घेता आली असती. थोडी किरणमात्रा वाढली असती, रुग्णाला पुन्हा बोलवावे लागले नसते. दीड लिटर पाणी असलेल्या 68 वर्षांच्या माणसाबाबत हा व्यवहार परवडणारा आहे.

पाणी काढणाऱ्याने प्रोब बाजूला ठेवण्याआधी तो श्वासपटलावरून एकदा फिरवायला हवा होता. पाणी काढल्यावर दिसलेल्या हवेपुढे 'सुईची इजा?' एवढेच न लिहिता 'फुप्फुस न फुगल्याने?' हा दुसरा पर्यायही अहवालात हवा होता. आणि नऊ आठवड्यांच्या सीटीच्या मागणीपत्रात फेज लिहिलेली नव्हती. निदानाच्या वेळी शिकलेली गोष्ट उपचारांच्या वेळी तंत्रज्ञापर्यंत पोहोचली नाही.

आता या विभागात एका बाजूला भरलेल्या, कारण न कळलेल्या पाण्यासाठी सीटीचे मागणीपत्र असे जाते: 'छाती आणि वरचे पोट, मूत्रपिंडांच्या खालपर्यंत. कॉन्ट्रास्टनंतर 65 सेकंद. पाणी पूर्ण काढलेले नाही, अंदाजे इतके आत आहे. पाणी काढल्यावर हवा दिसली होती: होय किंवा नाही. वय 15 ते 40 दरम्यानचे काम: …' शेवटचा रकाना रिकामा असेल तर तंत्रज्ञ फोन करून विचारतो.